वाचक विचारतात : पहाटे ओले होणारे अंथरूण

दिवसभर नीट टिकणारा डायपर रात्रीच का गळतो, या एकाच प्रश्नाची अनेक पत्रे आल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. सर्व मुले एक ते साडेतीन वर्षांच्या दरम्यानची आहेत, आणि बहुतेक पालकांनी नवा डायपर विकत घेण्यापासून सुरुवात केलेली दिसते. माझे मत असे की खरेदी शेवटी करावी. आधी ओल नेमकी कुठे आहे ते पाहावे.

प्रश्न : आमचा मुलगा दोन वर्षांचा असून त्याचे वजन साडेबारा किलो आहे. रात्री नऊला झोपतो आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास भिजलेल्या कपड्यांनी रडत उठतो. रात्रभर कोरडे ठेवण्याची हमी देणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे डायपर आम्ही आणून पाहिले. नवल असे की काढलेला डायपर मागच्या बाजूला जवळजवळ कोरडा असतो आणि सदरा मात्र पोटावर चिंब झालेला असतो. आता कोणता डायपर घ्यावा?

उत्तर : डायपर मागे कोरडा आणि सदरा पोटावर ओला, ही तुमची नोंदच निम्मे उत्तर आहे. डायपर भरून वाहिलेला नाही. त्यातला बराच भाग वापरलाच गेला नाही आणि लघवी शोषली जाण्याआधीच पुढच्या कडेवरून बाहेर पडली. तुमचा मुलगा बहुधा पालथा झोपत असावा. उताण्या झोपणाऱ्या मुलांच्या पाठीकडचा कमरपट्टा भिजतो, कुशीवर झोपणाऱ्यांचा खालच्या बाजूचा मांडीचा काठ भिजतो आणि पालथ्या झोपणाऱ्यांचे पोट भिजते, कारण लघवी उताराकडे जाते. दिवसा मूल उभे किंवा बसलेले असताना हा उतार डायपरच्या मध्यभागी असतो. रात्री तो कुठल्या तरी कडेला सरकतो.

थोडा हिशेब करून पाहू. या वयात साधारणपणे दर किलो वजनामागे ताशी १ ते २ मिलिलिटर लघवी तयार होते, म्हणजे साडेबारा किलोच्या मुलाची आठ तासांत १०० ते २०० मिलिलिटर. योग्य मापाचा डायपर एकूण एवढे सामावून घेऊ शकतो. अडचण असते ती एका वेळी किती येते याची. मूत्राशयाची क्षमता काढण्याचा ढोबळ नियम असा, की वयाच्या वर्षांत २ मिळवून ३० ने गुणावे. दोन वर्षांच्या मुलासाठी ती १२० मिलिलिटरच्या आसपास येते. गाढ झोपेत मूत्राशय बराच भरेपर्यंत थांबले आणि मग एकदम मोकळे झाले, तर तो लोंढा काही सेकंदांत एकाच जागी येतो.

डायपरच्या आत लाकडाच्या लगद्याचे तंतू आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाच्या पदार्थाचे कण असतात. हे कण शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात, पण लघवीतल्या क्षारांमुळे ही शक्ती तीस-चाळीस पटींच्या आसपास उतरते आणि वरून दाब असेल तर आणखी कमी होते. शिवाय त्यांना फुगायला वेळ लागतो. पालथे झोपलेले मूल नेमक्या पुढच्या भागावर आपले वजन टाकते. म्हणजे जिथे लोंढा येतो, तिथेच दाबही असतो.

आता उपाय. मुलग्यांच्या बाबतीत सर्वात जास्त गुण देणारी गोष्ट फुकटची आहे : डायपर लावताना शिश्न खालच्या दिशेला राहील असे पाहावे. ते वर किंवा आडवे राहिले तर धार थेट कमरपट्ट्यावर जाते आणि मग कितीही महागडा डायपर उपयोगाचा नाही. त्यानंतर पुढची बाजू बेंबीच्या जवळपास येईल इतकी वर घ्यावी. पालथ्या झोपणाऱ्या मुलासाठी पुढे थोडी अधिक आणि मागे थोडी कमी उंची ठेवली तरी चालते. मांडीजवळ आतल्या बाजूला उभी राहणारी जी पातळ झालर असते, ती बोट फिरवून सगळीकडून बाहेर काढावी. ही झालर आत दुमडलेली राहणे हे गळतीचे फार मोठे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. कमरेशी दोन बोटे जेमतेम जातील इतपत डायपर घट्ट असावा. सदऱ्याचे टोक डायपरमध्ये अडकलेले नाही हेही पाहावे, कारण कापसाचे कापड ओल वर ओढत नेते आणि डायपर न गळताही सदरा छातीपर्यंत भिजतो.

डायपर झोपण्याच्या अगदी आधी बदलावा. बऱ्याच घरांत संध्याकाळी अंघोळीनंतर लावलेलाच डायपर रात्रीसाठी धरला जातो आणि मूल झोपते तेव्हा त्यात एक-दोन वेळची लघवी आधीच असते.

एवढे करून तीन-चार रात्री पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाचा उपयोग झाला हे कळेल, हे जाता जाता सांगतो. थकलेल्या आईबाबांकडून एवढ्या शिस्तीची अपेक्षा करणे जरा कठोर आहे, याची जाणीव मला आहे. झोपण्याची कुशी बदलायला लावण्याचा खटाटोप मात्र करू नका. स्वतःहून वळू शकणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाने पालथे झोपण्यात धोका नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला झोपवताना मात्र नेहमी उताणेच ठेवावे. गळती थांबवण्यासाठी त्यात बदल करू नये.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. डायपरच्या पाकिटावर दिलेल्या वजनाच्या मर्यादेत ती अजून बसते, तरी रात्री मांडीच्या बाजूने गळते. पुढचे माप घ्यावे का? दिवसा ती पँटसारखा चढवायचा डायपर वापरते आणि रात्रीही तोच असतो.

उत्तर : पाकिटावरचे वजन हा अंदाज असतो आणि दोन मापांच्या मर्यादा मुद्दामच एकमेकींवर चढवलेल्या असतात. मुलगी मर्यादेच्या वरच्या टोकाला आली असेल, सकाळी मांड्यांवर लाल वळ दिसत असतील किंवा पाठीमागे डायपर नितंबांच्या घडीपर्यंत खाली सरकत असेल, तर निदान रात्रीसाठी पुढचे माप घ्या. दिवसा एक माप आणि रात्री दुसरे, यात काही विसंगत नाही. मोठ्या मापात शोषणारा गाभा मोठा असतो आणि तो फुगायला जागाही मिळते.

मात्र तुमच्या पत्रातला 'मांडीच्या बाजूने' हा शब्दप्रयोग मला थोडा थांबवतो. वळ उठत नसतील आणि मांडी व डायपर यांच्या मध्ये फट दिसत असेल, तर डायपर मोठाच आहे आणि आणखी मोठा घेतल्यास गळती वाढेल. मूल कुशीवर निजवून, पाय थोडे पोटाशी घेऊन पाहा; उभ्या मुलाच्या अंगावर न दिसणारी फट अशा वेळी दिसते. बारीक मांड्यांच्या मुलांना पँटसारख्या डायपरपेक्षा टेप लावायचा डायपर रात्री चांगला बसतो, कारण तो दोन्ही बाजूंनी हवा तसा आवळता येतो. खालचा भाग मांडीच्या सांध्यात बसेल असा थोडा तिरपा आणि कमरेचा भाग सरळ, अशा रीतीने टेप लावावेत. मुलींची लघवी मधोमध आणि मागच्या अंगाला जास्त उतरते, म्हणून मागची बाजू किंचित वर घ्यावी.

माप आणि बसणी दोन्ही ठीक असूनही सकाळी डायपर सगळीकडून जड झालेला आणि तरी गळलेला असेल, तेव्हाच जास्त शोषणाची गरज आहे असे समजावे. डायपरच्या आत ठेवायचे जोडपॅड अशा वेळी कामाचे असतात. त्यांना खालून प्लास्टिकचा थर नसतो, त्यामुळे पॅड भरले की उरलेली लघवी खालच्या डायपरमध्ये झिरपते. स्त्रियांचे सॅनिटरी पॅड त्याऐवजी वापरू नये, असे मी आवर्जून सांगेन. त्याच्या पाठीला पाणी न जाऊ देणारा थर असल्यामुळे लघवी खाली उतरत नाही, ती बाजूला पसरून कडेने बाहेर येते. जोडपॅड झालरींच्या आतच बसले पाहिजे. त्याची कड झालरीवर आली तर झालर दबते आणि नवी गळती सुरू होते.

बाहेरची पिवळी रेघ निळी झाली म्हणून डायपर भरला, असा समज काही पालकांचा असतो. ती रेघ ओल लागताच रंग बदलते. किती ओल आहे हे तिला सांगता येत नाही.

प्रश्न : एकावर एक दोन डायपर घातले तर?

उत्तर : आतल्या डायपरची बाहेरची बाजू पाणी जाऊ देत नाही, त्यामुळे वरचा डायपर फक्त आतल्याची गळती झेलतो. शोषण दुप्पट होत नाही, उष्णता आणि घाम मात्र वाढतो. आतल्याला भोके पाडण्याची युक्तीही सुचवली जाते. त्यातून फुगलेली जेल त्वचेवर येते, म्हणून ती करू नये.

प्रश्न : आम्ही कापडी डायपर वापरतो आणि शक्यतो तेच वापरायचे आहेत. नवे असताना ठीक होते. आता काही महिन्यांनी रात्री हमखास गळतात. आत मायक्रोफायबरचे पॅड आहे. एकाऐवजी दोन पॅड घालूनही फरक पडला नाही.

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या असाव्यात. पहिली मायक्रोफायबरच्या स्वभावाची आहे. ते लघवी झटकन ओढून घेते, परंतु भिजलेल्या स्पंजाप्रमाणे दाबले की सोडूनही देते. दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलताना हे जाणवत नाही. रात्री मूल त्यावर तासन्‌तास पडून असते. दोन पॅड घातल्याने तोच दोष दुप्पट होतो, आणि जाडी वाढल्यामुळे मांडीजवळचे इलॅस्टिक अंगापासून सुटते. कापूस, बांबूपासून केलेले कापड किंवा हेम्प म्हणजे अंबाडीसारख्या भांगेच्या धाग्याचे कापड सावकाश शोषते, पण शोषलेले धरून ठेवते. म्हणून रात्रीसाठी झटकन शोषणारा थर वर आणि धरून ठेवणारा थर खाली, अशी जोडी उत्तम चालते. मायक्रोफायबर थेट त्वचेला लागू देऊ नका. ते त्वचेचा ओलावाही ओढून घेते. त्यावर एखादे मऊ, पातळ कापड हवेच.

दुसरी अडचण धुण्यातली. नवे असताना ठीक आणि नंतर गळती, असे सांगितले की मी प्रथम कपडे मऊ करणाऱ्या द्रवाची चौकशी करतो. त्याचा पातळ लेप धाग्यांवर बसतो आणि धागा पाणी शोषेनासा होतो. जास्त साबण, अपुरे खंगाळणे, जड पाण्यातले क्षार आणि पुरळाच्या मलमांचा तेलकट अंश यांचाही तसाच परिणाम होतो. धुऊन वाळवलेल्या पॅडवर पाण्याचे काही थेंब टाकून पाहा. थेंब गोळा होऊन घरंगळत असतील, तर पॅड खराब झालेले नाही, त्यावर थर बसला आहे. मऊ करणारा द्रव बंद करून, कपड्यावर दिलेल्या सूचनेत बसेल तितक्या गरम पाण्यात पुन्हा धुवावे आणि पाण्यावर फेस येणे थांबेपर्यंत खंगाळावे. उलट, सुती किंवा हेम्पची पॅड अगदी नवी असतील तर ती चार-पाच धुण्यांनंतरच पूर्ण शोषू लागतात. पहिल्याच रात्री त्यांच्याबद्दल मत बनवू नये.

बाहेरच्या जलरोधक आवरणातून आतल्या कापडाची एखादी कड डोकावत नाही ना, हेही लावल्यावर बोटाने चाचपावे. एवढीशी कड संपूर्ण पायजमा भिजवायला पुरते. रात्री लोकरीचे आवरणही चांगले काम देते; लोकरीला लॅनोलिन, म्हणजे लोकरीतलाच मेणासारखा स्निग्ध पदार्थ, लावलेले असले की ओल बाहेर येत नाही आणि हवा मात्र खेळती राहते.

प्रश्न : माझी नात पावणेदोन वर्षांची आहे आणि सून कामावर असताना मीच तिला सांभाळते. संध्याकाळी सहानंतर तिला पाणी द्यायचे बंद केले, तर रात्रीची ही कटकट थांबेल असे मला वाटते. सूनबाईंना ते पटत नाही. आपले मत कळवावे.

उत्तर : आजी, या एका बाबतीत मी तुमच्या सूनबाईंच्या बाजूचा आहे. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारू नये. उष्म्यात, तापात किंवा जुलाबात तर मुळीच नाही. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, ती त्वचेला अधिक झोंबते, आणि पाणी कमी पिणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठ होण्याचीही शक्यता वाढते. मलाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि लघवी वारंवार होऊ लागते, म्हणजे ज्यासाठी पाणी तोडले तेच वाढते.

तुमच्या विचारात तथ्याचा जो भाग आहे तो मात्र उपयोगी पडेल. दिवसभराचे पाणी आणि दूध सकाळपासून दुपारपर्यंत जास्त आणि संध्याकाळी कमी, असे आपोआप वाटले जाईल अशी व्यवस्था दिवसा सांभाळणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे तुम्हालाच, सर्वात चांगली करता येते. खेळण्याच्या नादात दिवसा न प्यायलेले मूल संध्याकाळी ती तूट भरून काढते. झोपण्यापूर्वीचे दूध शक्य असेल तर तासभर आधी द्यावे. अंथरुणात बाटली तोंडात धरून झोपण्याची सवय असेल तर ती हळूहळू सोडवावी. रात्रभर येणाऱ्या लघवीइतकेच दातांच्या किडीचेही ते कारण असते. चहा, कॉफी किंवा कोला या वयात देऊच नये.

प्रश्न : गळती नको म्हणून मध्यरात्री उठवून डायपर बदलावा का? आमच्या मुलाला अधूनमधून पुरळ येते. त्यासाठी लावलेल्या मलमामुळे डायपर नीट शोषत नाही असेही ऐकले.

उत्तर : त्वचा निरोगी असेल तर केवळ लघवीसाठी झोपमोड करण्याची गरज नाही. शी झाली असेल तर मात्र कितीही वाजले असले तरी लगेच बदलावे. लघवी आणि मल एकत्र आले की अमोनिया तयार होतो, त्वचेवरची आम्लता कमी होते आणि मलातले पाचक रस अधिक तिखट होऊन त्वचा सोलवटून काढतात. पुरळ उठलेले असेल त्या काळात एक बदल वाढवावा. आईबाबा स्वतः झोपायला जातात ती वेळ त्यासाठी सोयीची. मंद उजेडात, न बोलता बदलले तर बरीच मुले पूर्ण जागी होत नाहीत. ज्यांचा डायपर पहाटे ठरलेल्या वेळी गळतो, त्यांनाही हा एक बदल काही आठवडे पुरेसा ठरतो.

मलमाबद्दल तुम्ही ऐकलेले खरे आहे. झिंक ऑक्साइडचे मलम त्वचेला चांगले संरक्षण देते, परंतु जाड थर डायपरच्या वरच्या कापडाला चिकटून त्याची छिद्रे बुजवतो. लाल झालेल्या जागी पातळ थर लावा, तो त्वचेत मुरू द्या आणि मग डायपर बांधा. पावडर वापरू नये. ती ओल थांबवत नाही आणि हवेत उडून मुलाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत न ओसरणारे, घड्यांमध्ये लालभडक होऊन भोवती बारीक पुळ्या उठणारे पुरळ बुरशीचे असू शकते. ते डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवसा ती स्वतः सांगते. रात्री डायपर लागतो, पण तो कधी गळत नसे. गेल्या दोन आठवड्यांपासून मात्र रोज ओसंडून वाहतो आणि ती रात्री पाणी मागत उठते. माप बदलावे का, की आता रात्रीचा डायपर बंद करून सवय लावावी?

उत्तर : या पत्राचे उत्तर मी वेगळे देतो. आधी गळत नसलेला डायपर अचानक रोज ओसंडू लागला आणि सोबत रात्रीची तहानही आली, तर माप बदलण्याच्या आधी डॉक्टरांकडे जावे, आणि तेही आजच. पहिल्या प्रकारचा मधुमेह लहान मुलांत असाच सुरू होऊ शकतो. वजन घटणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची आणखी लक्षणे. लघवीची किंवा रक्तातील साखरेची तपासणी काही मिनिटांत होते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर भेटीची वेळ घेत न बसता थेट रुग्णालय गाठावे. तपासणीत साखर नसेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ यांचाही शोध घ्यायला सांगा. लघवी करताना रडणे, कारण न कळणारा ताप किंवा दुर्गंध अशी काही लक्षणे आढळली असल्यास ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

सर्व ठीक निघाले तरी डायपर बंद करण्याची घाई नको. रात्रीचा कोरडेपणा सवयीने येत नाही. झोपेत लघवी कमी तयार करवणारे संप्रेरक आणि भरलेल्या मूत्राशयाची सूचना ऐकून जागे होणारा मेंदू, हे दोन्ही आपापल्या वेळी पक्व होतात. म्हणूनच पाच वर्षांच्या आत अंथरुणात लघवी होणे हा आजार मानला जात नाही, आणि पाचव्या वर्षीही सुमारे १५ टक्के मुले अधूनमधून अंथरूण ओले करतात. सलग आठवडाभर सकाळचा डायपर कोरडा निघू लागला की तो काढून पाहावा. तोवर गादीवर जलरोधक चादर, तिच्यावर साधी चादर, पुन्हा एक जलरोधक आणि पुन्हा एक साधी, असे दोन संच आधीच घालून ठेवावेत. रात्री वरचा संच ओढून काढला की खाली कोरडे अंथरूण तयार असते.